बंदुकीवरची दुर्बीण : आकड्यावर जाऊ नका, काच पाहा

या पानावर आम्ही नेहमी सूत, कापड, बाजारभाव आणि उधारी यांविषयी लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीवर बसवायची मध्यम किमतीची दुर्बीण कशी पारखून घ्यावी, याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. कापडवाल्याने या भानगडीत का पडावे, असे काही बांधव विचारतील. कारण एवढेच की या एका वस्तूत माझे पैसे पाण्यात गेले, आणि ज्या चुकीबद्दल मी रोज गिऱ्हाइकाला बोलतो नेमकी तीच चूक मी स्वतः केली.

बोदवडकरांना बंदुकीचे फारसे नवल नाही. जवळच वरणगावला साठच्या दशकात उभा राहिलेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तेथे रायफलीची काडतुसे बनतात. 2021 साली सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. असे असले तरी आमच्या घरात बंदूक कधी नव्हती. ती आली भाच्यामुळे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकले. हा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, हे कळल्यावर आमच्या भुसावळच्या बाजूला तर घरोघर त्याचीच चर्चा. भाच्याने त्या दिवसापासून हट्ट धरला. आपाचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, विरोध होता. पण शेवटी साध्या स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक आली, आणि शेतातल्या मातीच्या उंच बांधासमोर पुठ्ठ्यावर कागद लावून सराव सुरू झाला.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, "मामू, दुर्बीण पाहिजे." कामासाठी मी एका मोठ्या शहरात गेलोच होतो. दुकानदाराने चार डबे पुढे टाकले. एकावर मोठ्या अक्षरांत 24 पट असे लिहिले होते, भिंगाला माणकासारखा लाल रंग होता, आतली फुली दिवा लावून हिरवी-तांबडी होत होती. किंमत अडीच हजाराच्या आत. मी घेतली. दीड-दोनशे छर्रे उडाले नाहीत तोच नेम भरकटू लागला. आज डावीकडे तर उद्या खाली. पोरगा रडवेला होऊन विचारी, "मामू, नेम माझा चुकतो की बंदुकीचा?" मला उत्तर देता येईना. दुर्बीण काढून साध्या लोखंडी माशीने नेम धरला तर छर्रे पुन्हा एका जागी पडू लागले. दोष दुर्बिणीचा होता. दुकानदाराने बिल दिले नव्हते आणि मी मागितलेही नव्हते.

माझ्या दुकानात कोणी फक्त छाप पाहून थान उचलले तर मी खिशातला पिक ग्लास काढून त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, छाप राहू द्या, इंचात ताणा किती, बाणा किती ते मोजा. 92-88 सांगून 80-72 विकणारे या बाजारात कमी नाहीत. तोच मी, डब्यावरच्या आकड्याला भुललो. त्यानंतर मात्र दुसरी दुर्बीण घेण्याआधी मी चार महिने घालवले. जाणकारांना विचारले, तीन शहरांतल्या दुकानांत माल डोळ्याला लावून पाहिला. त्यातून जे कळले ते पुढे देत आहे.

आधी विचारा, दुर्बीण लागतेच का

ही गोष्ट मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितली असती तर बरे झाले असते. ऑलिंपिकच्या पद्धतीने होणाऱ्या रायफल स्पर्धांत, मग ती 10 मीटर एअर रायफल असो की 50 मीटरची, बंदुकीवर दुर्बीण लावायला मनाईच आहे. तेथे बारीक छिद्रातून नेम धरतात. कुसाळे यांनी पदक मिळवले ते छिद्रातून पाहूनच, आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या त्याही तशाच. तेव्हा मुलाला स्पर्धेत उतरवायचे असेल तर दुर्बिणीचे पैसे छिद्राच्या चांगल्या साइटवर आणि शिकवणीवर घाला. दुर्बिणीची सवय लागलेला मुलगा स्पर्धेच्या मैदानात गोंधळतो. कागदावर छर्रा कुठे लागला ते पाहण्यासाठी बाजूला तिवईवर वेगळी दुर्बीण ठेवता येते, ती वस्तू निराळी.

मग बंदुकीवरची दुर्बीण कोणासाठी? ज्याला 20, 30, 40 मीटरवर हौस म्हणून कागद किंवा डबा टिपायचा आहे त्याच्यासाठी. ज्याची जवळची नजर उतरली आहे त्याच्यासाठीही. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला मागची खाच, पुढची माशी आणि कागद ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीत फुली आणि कागद एकाच पातळीवर दिसतात. आमच्या भाच्याने दोन्ही ठेवायचे ठरवले. स्पर्धेचा सराव छिद्रातून आणि सुट्टीची हौस दुर्बिणीतून.

आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर 3-9×40 असे लिहिलेले असते. म्हणजे वस्तू तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर आहे. 4×32 म्हणजे कायम चार पट, भिंग 32 मिलिमीटरचे. आता एक सोपा हिशेब करा. भिंगाच्या आकड्याला पटीच्या आकड्याने भागा. 40 भागिले 9, म्हणजे 4.4 मिलिमीटर. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या चकतीची ही रुंदी. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून काही फरक कळत नाही. संध्याकाळी बाहुली पाच-सहापर्यंत उघडते; तेव्हा चकती लहान असेल तर चित्र काळवंडते. मी घेतलेल्या त्या 24 पटीच्या दुर्बिणीचे भिंग 50 चे होते. भागाकार करा, दोनच्या थोडे वर. असर-मगरिबच्या दरम्यान त्यातून काहीच नीट दिसत नसे, आणि मी समजत होतो की आपलेच डोळे गेले.

उर्दू शाळेत आम्हाला इब्नुल हैसम यांचे नाव शिकवले होते. बसऱ्यात 965 च्या सुमारास जन्मलेला हा माणूस पुढे कैरोत राहिला आणि 'किताबुल मनाझिर' हा दृष्टीवरचा ग्रंथ लिहून गेला. डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो, हे त्यांनी मांडले. परीक्षेपुरते ते पाठ केले आणि विसरलो. दुर्बिणीचा सगळा सौदा याच एका गोष्टीवर चालतो, हे पन्नाशीनंतर कळले. प्रकाश किती आत येतो आणि किती वाटेत सांडतो, बाकीचे सारे नंतर.

जास्त पटीचे आणखी एक नुकसान आहे. वस्तूबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो. 24 पटीत फुली कागदावर अशी नाचते की माणूस घाबरून घोडा ओढतो. शिवाय आपल्या खानदेशात मार्चनंतर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात. जास्त पटीत कागदच पाण्याखाली असल्यासारखा हलतो. 40 मीटरच्या आत चार ते नऊ पट पुष्कळ झाली.

लाल भिंगाची खळ

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण शंभरातले चार भाग प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत भिंगे अनेक. दहा पृष्ठभाग धरले तर शंभरातले सहासष्टच डोळ्यापर्यंत पोहोचतात. जर्मनीच्या झाईस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 साली काचेवर पातळ थर चढवून ही गळती थांबवण्याची रीत काढली. आज चांगल्या थरांमुळे दर पृष्ठभागावरचे नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणता येते.

डब्यावर चार प्रकारचे शब्द सापडतील. कोटेड म्हणजे कुठल्यातरी भिंगावर एक थर. फुल्ली कोटेड म्हणजे हवेला लागलेल्या सर्व पृष्ठभागांवर एक थर. मल्टीकोटेड म्हणजे काहींवर अनेक थर. फुल्ली मल्टीकोटेड म्हणजे सर्वांवर अनेक थर. मध्यम किमतीत हा चौथाच शब्द शोधावा. अर्थात डब्यावर छापायला काय लागते? आमच्याकडेही मर्सराइज्डचा शिक्का धुण्यानंतरच खरा-खोटा ठरतो. म्हणून भिंग तिरपे धरून दिव्याचे प्रतिबिंब पाहा. प्रतिबिंब मंद हिरवे, जांभळे दिसले तर ठीक. पांढरे लख्ख दिसले तर तेथे थर नाही. आणि भिंग लालभडक आरशासारखे असेल तर हात आवरा. जो लाल प्रकाश आत जायला हवा होता तोच परत फेकला जातो म्हणून ते लाल दिसते. आतले चित्र हिरवट आणि मंद होते. कापडाला जाड खळ देऊन कडक दाखवावे, तसला हा प्रकार. गिऱ्हाईक हात लावून खूश, आणि पहिल्या धुण्यात सगळे पाण्यात.

स्प्रिंगचा दुहेरी धक्का

माझी पहिली दुर्बीण मेली ती येथे, म्हणून हे सविस्तर सांगतो. काडतुसाची बंदूक उडाली की मागे धक्का देते. दुर्बिणीचे कारखानदार तो मागचा धक्का गृहीत धरून भिंगे आणि फुली आत बसवतात. स्प्रिंगची छर्ऱ्याची बंदूक दिसायला गरीब, पण तिची चाल वेगळी. घोडा ओढला की आतला जड दट्ट्या स्प्रिंगच्या जोराने पुढे धावतो, बंदूक मागे सरकते. आणि दट्ट्या नळीच्या तोंडाशी थांबला की बंदूक झटकन पुढे जाते. एका छर्ऱ्याला दोन उलटसुलट झटके. या पुढच्या झटक्यासाठी आतली बैठक केलेली नसेल तर भिंग सैल होते, फुली सरकते. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीणही स्प्रिंगच्या बंदुकीवर बिघडू शकते, हे ऐकून मी थक्क झालो.

म्हणून दुकानदाराला नेमका प्रश्न विचारा : ही स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी बनवली आहे का, आणि वॉरंटीच्या कागदावर तसे लिहिले आहे का? "हो हो, सगळ्यावर चालते" हे उत्तर उत्तर नव्हे. दाबलेली हवा आधीच टाकीत भरून ठेवणारी पीसीपी बंदूक असेल तर हा धक्का जवळजवळ नसतो, मग ही अट सैल करता येते.

दुर्बिणीखालचे कडेही महत्त्वाचे. आपल्याकडच्या बहुतेक छर्ऱ्याच्या बंदुकांवर साधारण 11 मिलिमीटर रुंदीची खाच असते, तिच्या मापाचेच कडे घ्यावे. स्प्रिंगच्या धक्क्याने कडे मागे घसरते, ते अडवणारी खीळ असलेले कडे मागून घ्या. हजारोंची दुर्बीण घेऊन दोनशे रुपयांचे कडे लावणे म्हणजे उंची सुटिंग शिवून त्याला कच्च्या धाग्याची बटणे लावण्यासारखे.

जवळच्या अंतराचा फसवा खेळ

बहुतेक रायफल दुर्बिणी 100 यार्डांच्या हिशेबाने जुळवलेल्या असतात. छर्ऱ्याची बंदूक चालते 10 ते 40 मीटरवर. तेवढ्या जवळ कागद धूसर दिसतोच, पण त्याहून वाईट म्हणजे डोळा जरा इकडेतिकडे सरकला की फुली कागदावर सरकते, बंदूक जागची हलली नसली तरी. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. पोराचा गाल दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकेल असे नाही, म्हणून छर्रे पसरतात आणि दोष त्याच्या हाताला जातो.

यावर उपाय म्हणजे अंतर जुळवण्याचे कडे असलेली दुर्बीण. ते पुढच्या भिंगाभोवती असते, डब्यावर ए.ओ. अशी अक्षरे असतात. महाग मालात तेच काम डाव्या बाजूच्या चाकाने होते. कमीत कमी अंतर 10 यार्ड किंवा त्याहून कमी असावे. एकाच किमतीत एक दुर्बीण 16 पटीची पण ए.ओ. नसलेली आणि दुसरी नऊ पटीची पण ए.ओ. असलेली मिळत असेल, तर डोळे मिटून दुसरी घ्या. माझ्या मते छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी हा एक गुण बाकी सगळ्या चैनीवर भारी आहे. फुलीतला दिवा, बाहेरचा रंग, डब्यातली पिशवी, यांना मी शून्य मार्क देतो.

दुकानातच होणारी परीक्षा

दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात या. सूर्याकडे चुकूनही रोखू नका, डोळा जाईल. समोरच्या गल्लीतली दूरची पाटी पाहा. मधली अक्षरे सगळ्याच दुर्बिणीत स्पष्ट दिसतात. कडेची अक्षरे पाहा. तेथे ती वाकडी होत असतील, कडांना निळी-पिवळी किनार दिसत असेल, तर काच हलकी आहे. शक्य असेल तर दिवेलागणीला जा, भर दुपारी सगळा माल सारखाच दिसतो. कापड उन्हात पाहावे आणि दुर्बीण सांजेला, असे म्हणायला हरकत नाही.

मग डोळ्याजवळचे कडे फिरवून मोकळ्या भिंतीवर फुली स्पष्ट करून घ्या. दुर्बीण टेबलावर पक्की टेकवून फुली एका अक्षरावर ठेवा आणि पट तीनपासून नऊपर्यंत फिरवा. फुली अक्षर सोडून सरकली तर तो नग परत द्या. पट बदलताना फुलीही लहानमोठी होते का, हेही पाहून ठेवा. मध्यम मालात बहुधा ती तेवढीच राहते, आणि हौशी माणसाला त्याने काही बिघडत नाही. डोळा किती मागे ठेवल्यावर पूर्ण चित्र दिसते तेही मोजा. तीन-साडेतीन इंच तरी हवे, चष्मेवाल्यांना तर जरूरच.

नेम जुळवण्याच्या दोन टोप्या फिरवा. प्रत्येक टिचकी बोटाला वेगळी जाणवली पाहिजे. पाव मिनिटाची टिचकी 100 मीटरवर सुमारे 7 मिलिमीटर नेम सरकवते, म्हणजे 25 मीटरवर दोनालाही थोडी कमी. हा हिशेब खरा आहे की नाही ते घरी पहिल्याच आठवड्यात तपासा, माल परत करण्याची मुदत असेपर्यंत. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवा, एक छर्रा मारा. मग वर वीस टिचक्या, उजवीकडे वीस, खाली वीस, डावीकडे वीस, दर वेळी फुली त्याच बिंदूवर ठेवून एक-एक छर्रा. कागदावर चौकोन पडला पाहिजे आणि शेवटचा छर्रा पहिल्याच्या शेजारी आला पाहिजे. चौकोनाचा पतंग झाला तर पुन्हा दुकानाची वाट धरा.

पावसाळ्यासाठी आत नायट्रोजन भरलेली, ओल न धरणारी दुर्बीण हवी. नाहीतर जुलैत आतून वाफ धरते, आणि ती पुसायला हात पोहोचत नाही.

आम्ही काय घेतले

शेवटी निवड तिघींत आली. पहिली 4×32, कायम चार पट. हलकी, आत हलणारे भाग कमी म्हणून टिकाऊ, आणि भागाकार आठ, म्हणजे संध्याकाळीही उजळ. फक्त 20 मीटरपर्यंत खेळायचे असेल आणि खिसा हलका असेल तर मी हिचीच शिफारस करीन, अट एवढीच की ती एअर रायफलसाठी जुळवलेली असावी. दुसरी 3-9×40, ए.ओ. असलेली. तिसरी 4-16×50, तीही ए.ओ. असलेली, किंमत दुसरीच्या दीडपट. तिसरीचे मोठे भिंग नळीला लागू नये म्हणून तिला उंच कडे लागते. उंच कड्यामुळे गाल दस्त्यावर टेकत नाही, आणि वजनही बंदुकीला झेपत नाही. भाच्याचा डोळा तिसरीवर होता. दारात नेऊन दोन्ही नऊ पटीवर ठेवून त्याला पाहायला लावल्या. तो बराच वेळ पाहत राहिला, मग स्वतःच दुसरी उचलली. दहा हजाराच्या जरा आत सौदा झाला, कड्याचे पैसे वेगळे. बिलावर नगाचा क्रमांक लिहून घेतला, वॉरंटीच्या कागदावर शिक्का घेतला.

आखातात किंवा परदेशात असलेल्या नातेवाइकाकडून मागवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे करण्याआधी कस्टम्सचे नियम लेखी विचारून घ्या. बंदुकीशी संबंधित वस्तू विमानतळावर अडकली तर स्वस्तात मिळवलेले सगळे तेथेच जाते. आणि बिघडली तर दाद कोणाकडे मागणार?

कायद्याचेही दोन शब्द. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. जोर किंवा नळी त्याहून जास्त असेल तर लागतो. बिल आणि बंदुकीची माहिती जवळ ठेवावी, रस्त्याने नेताना ती बंद खोळीत न्यावी. दुर्बीण लागली की पोरांना झाडावरचे पाखरू जवळ दिसू लागते. आपल्या शेजारी मुक्ताईनगरच्या बाजूला वाघांचे जंगल आहे, आणि आपल्या शेतांत मोर, तितर, ससे फिरतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्यांना मारणे गुन्हा आहे. बंदूक परवान्याशिवाय मिळाली म्हणून शिकारीला मोकळीक मिळाली असे नव्हे. आपाने ही अट पहिल्याच दिवशी घातली : कागद आणि डबा, तिसरे काही नाही, आणि मागे मातीचा बांध असल्याशिवाय छर्रा भरायचा नाही.

नवी दुर्बीण बसवायला आमचा एक दुपार गेला. स्क्रू एकाच बाजूने आवळत नेले तर नळी पिळवटते, म्हणून आलटून पालटून थोडे थोडे आवळले. फुली सरळ आहे की नाही ते पाहायला मी ओळंबा टांगला. शंभर छर्ऱ्यांनंतर स्क्रू पुन्हा तपासले, एक सैल निघाला.

आता साडेपाचशेच्या वर छर्रे उडाले आहेत. 25 मीटरवर त्याचे पाच छर्रे पंचवीस पैशांच्या जुन्या नाण्याखाली झाकले जातात, वारा नसला तर. मागच्या आठवड्यात एक छर्रा दोन बोटे बाजूला गेला. भाच्याने दुर्बिणीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मामू, हा माझा."